उघडायची परवानगी

“तू बनवलंयस ना ते? मग तुझ्याच हातानं उघड.”

भास्करदादांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. उठून केबिनचं दार लावून घेतलं असतं आणि बाहेर जाऊन बसलो असतो. पण ते इतक्या हळू बोलत होते की हातातली फाईल ठेवून निघावं की तिथंच थांबावं, हेच मला कळेना. नलिनी मॅडमनी मला मानेनंच बसायला सांगितलं. समोरचा चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

“दादा, मला ते उघडता येत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“नलू, तुला?”

त्या एका शब्दात त्यांचा सगळा अभिमान होता. खैरनारांच्या घरातली ही धाकटी बहीण. वडील लवकर गेले, तेव्हा शाळा सोडून शेतीला लागलेल्या या भावानं तिला शिकवलं. रोज पहाटे सायकलवर डबलसीट बसवून एसटीच्या थांब्यावर सोडलं. ती इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर निघाली तेव्हा सगळं गाव नावं ठेवत होतं. भास्करदादा भर पारावर उभे राहून म्हणाले होते, “माझी बहीण आहे, माझी जबाबदारी आहे, ज्याला पोटात दुखतंय त्यानं ओवा खावा.” हा किस्सा आम्ही सगळ्यांनी मॅडमच्या तोंडून ऐकलेला होता. दादांचं नाव निघालं की त्यांचा चेहराच बदलायचा.

आणि आज ते दादा नाशिकला, गंगापूर रोडच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात, बहिणीपुढं हात पसरून बसले होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आमची कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या चार खोल्या. गुपितं सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. दवाखान्यांचे रिपोर्ट, पतसंस्थांचे पासवर्ड, असली जी माहिती उघड्यावर ठेवता येत नाही, ती आमच्या तिजोरीत जायची. आत जाताना तिचं एन्क्रिप्शन व्हायचं, म्हणजे अक्षरांचा असा काला व्हायचा की सर्व्हर उचलून घरी नेला तरी कुणाला काही वाचता येऊ नये. पण मॅडम म्हणायच्या, काला करणं सोपं आहे, ते पुस्तकात सापडतं. खरं डोकं लागतं ते पॉलिसी लिहायला. म्हणजे कुणी आत टाकायचं, कुणी उघडायचं, आणि ही माणसं कोण ते कुणी ठरवायचं. ह्या तीन परवानग्या तीन वेगळ्या माणसांच्या हातात असाव्यात, यासाठी त्या गिऱ्हाइकांशी तासन्‌तास भांडायच्या.

आमच्या गिऱ्हाइकांत एक संस्थाही होती. घरच्यांच्या विरोधात लग्न केलेल्या जोडप्यांना ती आसरा द्यायची. कोण कुठल्या घरात राहतंय, ते पत्ते आमच्या तिजोरीत असायचे. संस्थेच्या स्वागतकक्षातली मुलगी पत्ता आत टाकू शकायची, पण टाकलेला पुन्हा वाचू शकायची नाही. वाचायची परवानगी फक्त समुपदेशक रुख्साना शेख यांना, तीही त्या जोडप्याची संमती असेल तरच.

भास्करदादांची मुलगी वृषाली आदल्या महिन्यात घरातून निघून गेली होती. सुमेध नावाच्या मुलाशी तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं होतं. मुलगा शिकलेला, नोकरीचा, पण जातीबाहेरचा. ही दोघं त्या संस्थेत जाताना गावातल्या कुणीतरी पाहिली. आणि संस्थेचं काम आपल्या बहिणीच्या कंपनीकडं आहे, हे दादांना दिवाळीत घरीच कळलेलं होतं.

“दादा, त्या पत्त्यापुरती माझी परवानगी शून्य आहे,” मॅडम म्हणाल्या. “संस्थेच्या कपाटाचं नाव मला दिसतं. आत काय आहे ते दिसत नाही. वृषाली आत आहे की नाही, हेसुद्धा मला मशीन सांगणार नाही.”

“मग परवानगी घे ना स्वतःला. मालकीण कोण इथली?”

“मालकीण मी आहे. पण पॉलिसी बदलायची तर मी नुसता अर्ज करू शकते. दोघांनी हो म्हणायला लागतं. एक संस्थेच्या रुख्सानाबाई, आणि दुसरा,” त्यांनी माझ्याकडं बोट केलं, “हा हर्षल.”

आतापर्यंत मी दादांच्या लेखी खुर्चीसारखा होतो. आता त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

“अर्ज कर मग,” ते म्हणाले. “माझ्यासमोर कर.”

मला वाटलं मॅडम टाळतील. काहीतरी तांत्रिक कारण सांगतील. भावाला त्यातलं काय कळणार होतं? सर्व्हर बंद आहे म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. भावाच्या देखत अर्ज उघडला. अर्जदार, नलिनी खैरनार. हवी असलेली परवानगी, उघडण्याची. कारण या रकान्यापाशी त्या थांबल्या, मग टाइप केलं आणि अर्ज पाठवला. माझ्या फोनवर तो येऊन पडला.

कारणात लिहिलं होतं: ‘सख्ख्या भावाला नाही म्हणता येत नाही.’

मी मॅडमकडं पाहिलं. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. टेबलावरचा कागद सरळ करत होत्या. हो म्हण की नाही म्हण, याची एवढीशी खूणसुद्धा त्यांनी मला केली नाही.

“बाळा,” भास्करदादा मला म्हणाले, “तुझ्या घरी बहीण आहे?”

“आहे.”

“मग तुला कळेल. तिची आई महिनाभर धड जेवलेली नाही. मी काय पोरीला खाणार आहे का? नुसतं डोळ्यांनी बघायचंय. मी कुणाकडं आजवर काही मागितलं नाही. या नलूकडंसुद्धा नाही. विचार तिला. हे एकच मागतोय.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. मला मनापासून हो म्हणावंसं वाटलं. समोर बसलेला माणूस चांगला होता, माझ्या साहेबांचा भाऊ होता, आणि बोट लावलं की काम होणार होतं. माझ्या वाट्याचं तरी. पण अर्जातलं कारण पुन्हा वाचलं आणि वाटलं, हे दुसऱ्या कुणाच्या नावानं आलं असतं तर मी काय केलं असतं? मी ‘नामंजूर’ दाबलं. मशीननं नामंजुरीचं कारण मागितलं. मी लिहिलं, ‘हे कारण पुरेसं नाही.’

मॅडमच्या स्क्रीनवर तांबडी ओळ उमटली. दादांनी ती वाचली.

“या पोरानं नाही म्हटलं?”

“हो.”

“आणि झालं? तू त्याची साहेब ना?”

“साहेब आहे, म्हणून तर त्याला नाही म्हणता यायला हवं, दादा.”

ते उठले. खुर्ची मागच्या कपाटावर आपटली. आता मात्र आवाज चढला. “लोक म्हणत होते, शिकवू नको, शिकून हिला शिंगं फुटतील. मी त्यांच्या तोंडाला लागलो. आणि आज माझ्याच पोरीचा पत्ता मला तू पगारी नोकराकडनं नाकारतेस?”

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. खाली रस्त्याच्या कडेला दादांची जीप उभी होती.

“दादा, गाडीत कोण बसलंय?”

दादांनी गळ्यातलं उपरणं सारखं केलं.

“वहिनीचे भाऊ ना ते? दोघंही आलेत.”

“सोबतीला आलेत.”

“पोरीला नुसतं डोळ्यांनी बघायला सोबत कशाला लागते?”

“नलू, मी आहे ना. मी मध्ये पडेन.”

“तुझं ऐकतील ते? खरं सांग. तू नको म्हणालास म्हणून गाडीतनं खाली उतरतील?”

 भास्करदादांनीही खिडकीपाशी येऊन खाली पाहिलं. दोघांतला एक जण बॉनेटला टेकून उभा होता आणि आमच्या दाराकडं बघत होता. दादा कितीतरी वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. मग परत येऊन बसले, ते एकदम म्हाताऱ्यासारखे. इतका वेळ ताठ असलेले त्यांचे खांदे उतरले.

“तो सुमेध,” ते म्हणाले. “कसा आहे गं पोरगा?”

“मला माहीत नाही. मी पाहिलेला नाही.”

“मारबिर करत नसेल ना तिला?”

मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, “दादा, आतलं बाहेर काढता येत नाही. पण बाहेरचं आत टाकता येतं. ती परवानगी कुणालाही देता येते. तुला तिला काही सांगायचं असेल तर लिही. ती आत असेल तर रुख्सानाबाई तिलाच उघडून दाखवतील. नसेल तर तसंच पडून राहील.”

“आणि तू वाचणार?”

“मला येणार नाही वाचता. हर्षललाही नाही.”

त्यांचा विश्वास बसला की नाही कोण जाणे. पण ते मॅडमच्या खुर्चीत जाऊन बसले. मी मराठी टायपिंग लावून दिलं आणि आम्ही दोघं बाहेर आलो. काचेतून दिसत होतं: द्राक्षाच्या वेलीची काडी न काडी ओळखणारी ती जाड बोटं एकेक अक्षर शोधत होती. मध्येच ते थांबायचे, उपरण्यानं तोंड पुसायचे, पुन्हा सुरू करायचे. खालच्या माणसानं दोनदा हॉर्न वाजवला. त्यांनी मान वर केली नाही.

मग एकदम ओरडले, “नलू, अगं पुसलं गेलं सगळं!”

आम्ही आत धावलो. त्यांनी बटण दाबलं होतं आणि त्यांच्या मजकुराच्या जागी अक्षरं-आकड्यांचा ढीग दिसत होता.

“पुसलं नाही दादा. बंद झालं.”

“बरं, मग जरा मागं घे. एक शब्द चुकलाय माझा.”

“आता नाही घेता येणार.”

“अगं मीच लिहिलंय ना?”

“तूच लिहिलंस. पण आता तुलाही ते दिसणार नाही.”

दादा त्या ढिगाकडं बघत राहिले. मग त्या सगळ्या दुपारीत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी आलं. “भारी आहे गं तुझं मशीन,” ते म्हणाले. “बनवणारीलाबी जुमानत नाही.”

जिना उतरून ते जीपपाशी गेले. मेव्हण्यांशी काय बोलणं झालं ते वर ऐकू आलं नाही. हातवारे दिसले, मग दार आपटल्याचा आवाज आला आणि जीप निघून गेली.

पुढचे दिवस मॅडमसाठी वाईट गेले. गावाकडून फोन यायचे. वहिनी एकदा इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की बंद दाराबाहेर मला ऐकू आलं, “ज्या ताटात जेवलात त्यातच थुंकलात.” मॅडम सगळं ऐकून घ्यायच्या, उलट एक शब्द काढायच्या नाहीत, आणि फोन ठेवून कामाला लागायच्या. भाऊबहिणीचं बोलणं बंद झालं होतं. नेहमी दर रविवारी दादांचा फोन यायचा. तो आला नाही.

एका संध्याकाळी बाकीचे गेल्यावर मी त्यांना म्हणालो, “मॅडम, एक विचारू? संस्थेच्या पॉलिसीतून तुम्ही तुमचं नाव काढायला लावलंत, तेव्हा मी तुमच्याशी भांडलो होतो.”

भांडलोच होतो. पूर्वी त्या पत्त्यांची एक राखीव परवानगी मॅडमकडं होती. कधी काही बिघडलं तर असावी म्हणून. एके दिवशी त्या अचानक माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, माझं नाव काढ, आत्ताच्या आत्ता, आणि मला परत आत यायचं झालं तर दोघांची मंजुरी लागेल असं कर. मी म्हणालो होतो, अडीअडचणीला निदान एकाकडं तरी सगळं उघडणारी किल्ली हवी. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, “तशी किल्ली असली की चोराला कुलूप फोडायची गरज नाही हर्षल. त्या माणसाला फोडलं की झालं.” मला वाटलं होतं, त्या हॅकर लोकांबद्दल बोलताहेत.

“तुम्हाला तेव्हाच काही माहीत होतं का?” मी विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

“वृषालीनं पहिला फोन मलाच केला होता,” त्या म्हणाल्या. “आत्या, मी आता काय करू, म्हणून. मी तिला संस्थेचा नंबर दिला. पुढं ती गेली की नाही, विचारलं नाही. फोन ठेवला आणि तुझ्याकडं आले.”

“म्हणजे दादा येणार हे तुम्ही ओळखलं होतं.”

“त्याला दुसरीकडं कुठं जायला जागा होती? आणि ती परवानगी माझ्याकडं असताना तो माझ्यापुढं बसून रडला असता, तर मी सांगितलं असतं रे. नक्की सांगितलं असतं. सगळ्या जगाला नाही म्हणता येतं मला, त्याला नाही म्हणायला कधी शिकलेच नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “त्या दिवशी तू मंजूर केलं असतंस, तर अडवायला रुख्सानाबाई होत्याच म्हणा. पण तू केलं असतंस, तर मला फार वाईट वाटलं असतं. आणि आनंदही झाला असता. काय सांगू तुला.”

 माणसं स्वतःच्या ताकदीचा हिशेब मांडतात, हे मी पुष्कळ पाहिलं होतं. आपण नेमके कुठं ढिले पडणार, हे आधी ओळखून तिथं दुसऱ्यांचा पहारा बसवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि त्या पहाऱ्यावर त्यांनी मला उभं केलं होतं. आज माझ्या हाताखाली पन्नासेक माणसं आहेत, मोठमोठ्या कंपन्यांच्या पॉलिस्या आम्ही लिहितो. पण या कामाला मी काम म्हणून मान द्यायला लागलो तो त्या संध्याकाळपासून.

आणखी काही आठवडे गेले. मग एक दिवस रुख्सानाबाईंचा फोन आला. “दादांना बोलवून घ्या ताई,” त्या म्हणाल्या. “मुलगी बोलायला तयार आहे. मी माझा फोन घेऊन तुमच्या ऑफिसात येते. ती कुठून बोलतेय ते कळणार नाही, तेवढी सोय केली आहे.”

मॅडमनी दादांना फोन लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “ये,” एवढंच म्हणाल्या.

दादा आले ते एसटीनं आणि एकटे. जीप का आणली नाही, हे कुणी विचारलं नाही. धुतलेले कपडे घातले होते, दाढी केली होती, आणि पिशवीत घरचे लाडू होते. वहिनींनी दिले होते. दाराशी बहिणीला पाहून ते क्षणभर घुटमळले. मॅडमनी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांचा हात आपसूक तिच्या डोक्यावर गेला.

“काय लिहिलं होतंस रे दादा तिला?” मॅडमनी विचारलं.

“तुझं मशीन सांगत नाही, तर मी कशाला सांगू?” दादा म्हणाले. मॅडम हसल्या आणि हसता हसता पदरानं डोळे टिपले.

रुख्सानाबाईंनी नंबर लावला. पलीकडं वाजायला लागलं तसे दादा उभे राहिले. बाईंनी फोन त्यांच्या हातात दिला. आवाज मोठा ठेवलेला होता. संस्थेचा तसा नियम होता, एकांतात धमकी दिली जाऊ नये म्हणून.

“आप्पा?” पलीकडून आवाज आला. अगदी बारीक, घाबरलेला.

 दादांनी एक हात टेबलावर टेकला.

“आप्पा, ऐकू येतंय का? मी वाचलं तुम्ही लिहिलेलं. आम्ही दोघांनी वाचलं. आप्पा, आम्ही बरे आहोत. आम्ही ना इथं—”

“थांब!” दादा इतक्या जोरात म्हणाले की आम्ही सगळे दचकलो. मॅडम पुढं झाल्या. रुख्सानाबाईंनी फोन काढून घ्यायला हात उचलला.

“थांब बाळा,” दादा हळू म्हणाले. “कुठं आहेस ते सांगू नको. तुझ्या आईलाही नको, आत्याला नको, मला तर मुळीच नको. तुझे मामा रोज विचारतात मला, आणि मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीतय. मला माहीतच नसू दे.” त्यांनी उपरण्याचं टोक तोंडावर दाबलं, पुन्हा काढलं. “जेवलीस का, तेवढं सांग.”